छतातील स्पीकर : घराचा आणि पेढीचा विचार

गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या घरांची व दुकानांची छते पुष्कळ बदलली. पूर्वी छताला चुना, मध्यभागी पंखा आणि भिंतीवर एक ट्यूबलाइट एवढाच संसार असे. आता स्लॅबखाली पीओपीचे किंवा जिप्सम बोर्डाचे फॉल्स सीलिंग येते, त्यात दिवे बसतात, वातानुकूलनाच्या जाळ्या बसतात आणि अलीकडे त्याच रांगेत गोल पांढऱ्या जाळीचे स्पीकरही दिसू लागले आहेत. नव्या घराचे किंवा दुकानाचे काम निघाले की इंटिरिअर डिझायनर आपल्या कोटेशनमध्ये ‘सीलिंग स्पीकर, अमुक नग’ अशी एक ओळ घालतो. फरशीचा दर, प्लायवूडची जाडी, रंगाचे हात यांवर घरातील कर्ती मंडळी तासन्‌तास घासाघीस करतात. या एका ओळीवर मात्र मुकाट्याने सही होते. कारण त्या ओळीबाबत नेमके काय विचारायचे, हेच ठाऊक नसते.

हा लेख त्या एका ओळीसाठी आहे. रक्कम दुर्लक्ष करण्याइतकी लहान नसते आणि छत एकदा बंद झाल्यावर आतील उणीव दूर करायची तर रंगासह छत पुन्हा उघडावे लागते. शिवाय आपल्या घरांत आणखी दोन गोष्टींचा विचार व्हावा लागतो, ज्या कोणत्याही माहितीपत्रकात छापलेल्या नसतात. एक म्हणजे जीवांची जयणा आणि दुसरी घरातील शांतता.

प्रथम प्रयोजन

बँकेत कर्जाचा अर्ज पुढे आला की अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, “रक्कम कशासाठी?” रकमेचा आकडा, तारण, मुदत हे सारे त्यानंतर. स्पीकरच्या बाबतीतही हाच क्रम योग्य. दुकानात दिवसभर मंद संगीत हवे आहे का? काउंटरवरून गोदामाला किंवा वरच्या मजल्याला सूचना द्यायच्या आहेत का? घरात सकाळी स्तवन, स्तोत्र किंवा एखादे प्रवचन वडीलधाऱ्यांना बसल्या जागी ऐकू यावे, ही इच्छा आहे का? की दिवाणखान्यात चित्रपटगृहाचा अनुभव हवा आहे?

पहिल्या तीन कामांसाठी छतातील स्पीकर फार उपयुक्त आहेत. जागा अडत नाही, तारा दिसत नाहीत, मुलांचे हात पोचत नाहीत आणि आवाज सर्वत्र सारखा पसरतो. चौथ्या कामासाठी मात्र केवळ छतावर विसंबू नये. पडद्यावरील पात्र समोर बोलत असताना त्याचा आवाज डोक्यावरून आला की मनाला ते पटत नाही. म्हणून समोरचे स्पीकर कानाच्या उंचीवरच असावे लागतात. २०१२ साली चित्रपटगृहांत आलेल्या आणि पुढे घरांत पोचलेल्या डॉल्बी ॲटमॉस पद्धतीत छतातील स्पीकरना स्थान आहे, पण ते पाऊस, विमान, पक्षी अशा वरून येणाऱ्या आवाजांसाठी, समोरच्या स्पीकरच्या जोडीला. ढोलासारखा खोल, घुमणारा स्वर लहान छत-स्पीकरकडून मिळत नाही, हेही आधीच ध्यानात घ्यावे.

दोन पद्धती आणि नोटांचा हिशेब

बाजारात छताच्या स्पीकरचे दोन प्रकार मिळतात. एक ८ ओमचा, जो घरगुती ॲम्प्लिफायरला जोडतात. दुसरा १०० व्होल्ट लाइनचा, जो दुकाने, मंगल कार्यालये, रुग्णालये, रेल्वे स्थानके अशा ठिकाणी वापरतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दुसऱ्याच्या पाठीवर एक लहानसा ट्रान्स्फॉर्मर असतो. विक्रेता ‘दोन्ही चालतात’ असे म्हणाला तर तेथेच थांबून पुढील हिशेब करावा.

समजा, ६० वॅट शक्ती स्पीकरपर्यंत न्यायची आहे. ८ ओमच्या पद्धतीत त्यासाठी तारेतून सुमारे २.७ अँपिअर प्रवाह जावा लागतो. १०० व्होल्टच्या पद्धतीत तेवढ्याच शक्तीला केवळ ०.६ अँपिअर पुरतो. ही गोष्ट रोकड वाहून नेण्यासारखी आहे. एक लाख रुपये दहा-दहाच्या नोटांनी न्यायचे तर पोते लागेल. पाचशेच्या नोटांनी न्यायचे तर खिसा पुरेल. रक्कम तीच, ओझे वेगळे. तारेतून जाणारा प्रवाह म्हणजे नोटांची संख्या, आणि ओझे जितके अधिक तितकी वाटेत गळती अधिक.

ही गळती किती, तेही पाहू. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओम असतो. ॲम्प्लिफायरपासून स्पीकर २० मीटरवर असेल, तर जाणारी व येणारी मिळून ४० मीटर तार होते आणि तिचा रोध अर्धा ओम भरतो. ८ ओमच्या स्पीकरपुढे हा अर्धा ओम म्हणजे सहा टक्के. एका खोलीत ते खपून जाते. पण दोन मजली दुकानात, पन्नास-साठ मीटरच्या फेऱ्यांत, त्याची झळ जाणवते.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. ८ ओमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ॲम्प्लिफायरला ४ ओम दिसतात, चार जोडले की २ ओम. बहुतेक घरगुती ॲम्प्लिफायर ४ ओमच्या खाली चालण्यासाठी घडवलेले नसतात. ते तापतात, आवाज फाटतो आणि शेवटी जळतात. ‘अजून दोन स्पीकर टाकून देतो’ असे वायरमन सहज म्हणतो, त्याचा परिणाम असा होतो. १०० व्होल्टच्या पद्धतीत हा प्रश्न येत नाही. तेथे प्रत्येक स्पीकरवर ६, ३ किंवा दीड वॅट असे टप्पे निवडण्याची सोय असते; सर्व टप्प्यांची बेरीज करायची आणि ती ॲम्प्लिफायरच्या क्षमतेत बसवायची, एवढाच नियम.

सारांश असा. घरातील एक-दोन खोल्या आणि दोन ते चार स्पीकर यांसाठी ८ ओमची पद्धत स्वस्त आणि स्वरमाधुर्यात सरस. दुकान, पेढी, कार्यालय, सभागृह किंवा पुढे स्पीकर वाढण्याची शक्यता असेल तेथे १०० व्होल्टची पद्धत. मात्र १०० व्होल्टच्या तारेला हात लागल्यास झटका बसू शकतो, म्हणून ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

किती स्पीकर लागतील?

पुष्कळ ठिकाणी स्पीकरची संख्या दिव्यांच्या रांगेशी जुळवून ठरवली जाते. दिसायला ते छान दिसते, पण ऐकायला नाही. हिशेब सोपा आहे. छतातील साधारण स्पीकरचा आवाज उलट्या ठेवलेल्या नरसाळ्यासारखा खाली पसरतो. हा कोन ९० अंशांचा धरला, तर छताच्या उंचीतून कानाची उंची वजा करायची आणि उरलेल्या अंतराची दुप्पट करायची. तेवढ्या व्यासाचे वर्तुळ एक स्पीकर सांभाळतो.

उदाहरणार्थ, ३० फूट लांब व १५ फूट रुंद असे कापडाचे दुकान घेऊ. फॉल्स सीलिंग १० फुटांवर आहे आणि उभ्या ग्राहकाचा कान सुमारे ५ फुटांवर. अंतर ५ फूट, दुप्पट १० फूट. लांबीत तीन वर्तुळे बसतात, रुंदीत दीड, म्हणजे दोन. एकूण सहा स्पीकर. प्रत्येकाचा टप्पा ६ वॅट धरला तर ३६ वॅट. त्यावर चौथा हिस्सा राखीव ठेवला की ४५ वॅट. त्यापुढचा सहज मिळणारा ॲम्प्लिफायर ६० वॅटचा, तो घ्यावा. उरलेल्या क्षमतेत उद्या गोदामात एक स्पीकर वाढवता येईल.

घरी १६ फूट बाय १२ फुटांचा हॉल, छत ९ फुटांवर आणि बसलेल्या माणसाचा कान ४ फुटांवर असेल, तरी वर्तुळ १० फुटांचेच येते. दोन स्पीकर पुरतात. ते भिंतीपासून दोन-तीन फूट आत घ्यावेत. नेमके डोक्यावर बसवू नयेत. जेथे ऐकणारी माणसे इकडे-तिकडे फिरतात, अशा दुकानात किंवा स्वयंपाकघरात डावा-उजवा असा भेद न करता सर्व स्पीकरमधून एकच आवाज सोडणे चांगले. अन्यथा गाण्याचा एक भाग एका टोकाला आणि दुसरा दुसऱ्या टोकाला ऐकू येतो.

वॅटच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. म्हणून माहितीपत्रकात संवेदनशीलता हा आकडा पाहावा. एक वॅटला एक मीटरवर ९० डेसिबल देणारा स्पीकर ८७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरच्या तुलनेत निम्म्या शक्तीत तेवढेच काम करतो.

वडीलधाऱ्यांच्या संदर्भात एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. वयपरत्वे श्रवणशक्ती मंदावते ती प्रथम बारीक, उंच स्वरांची. आणि स, श, त, फ यांसारखी व्यंजने त्या स्वरांवर अवलंबून असतात. म्हणूनच आजी म्हणतात, “आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत.” अशा वेळी आवाज वाढवून उपयोग होत नाही, घरातील इतरांना त्रास मात्र होतो. त्यांच्या नेहमीच्या बैठकीजवळ एक चांगला स्पीकर, बारीक स्वर जरा वर घेतलेले आणि आवाज बेताचा, अशी रचना केली तर स्तोत्रातील शब्दन्‌शब्द त्यांच्यापर्यंत पोचतो. उंच स्वरांचा पसारा नरसाळ्याच्या मध्याजवळच अधिक असतो, हे याचे कारण.

छत बंद होण्यापूर्वी

स्पीकरच्या तारा फॉल्स सीलिंगचा सांगाडा उभा राहताच टाकल्या पाहिजेत. विजेच्या २३० व्होल्टच्या तारांना समांतर नेताना किमान एक फूट अंतर ठेवावे आणि ओलांडायचे असेल तर काटकोनात ओलांडावे. नाहीतर स्पीकरमधून गुणगुण येण्याचा संभव असतो. तार आगीत कमी धूर देणारी, एफआरएलएस प्रकारची असावी. प्रत्येक जागी हातभर तार जास्त सोडावी. बोर्ड लावण्यापूर्वी सर्व छताची छायाचित्रे मोजपट्टीसह काढून ठेवावीत. दहा वर्षांनी एखादा बिघाड शोधताना ती नकाशापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

साधारण साडेसहा इंची स्पीकरला आठ इंचांच्या आसपास भोक लागते आणि वर चार ते सहा इंच मोकळी जागा लागते. तेवढ्याच जागेत बीम, वातानुकूलनाचा डक्ट किंवा सांगाड्याची पट्टी येत नाही ना, हे कापण्यापूर्वी पाहावे. स्पीकरचे वजन जिप्सम बोर्डावर किंवा दोन फुटी टाइलवर सोडू नये. त्याखाली धातूची पट्टी देऊन ते सांगाड्यावर घ्यावे. याखेरीज प्रत्येक स्पीकरला एक स्वतंत्र तार किंवा साखळी बांधून ती स्लॅबमधील हुकाला अडकवावी. छताखाली ग्राहक उभे असतात, घरी मुले झोपतात. काही रुपयांच्या साखळीवर काटकसर करण्याचे ते ठिकाण नव्हे.

ॲम्प्लिफायर छताच्या पोकळीत ठेवू नये. त्याला हवा लागते, म्हणून जाळीच्या दाराच्या कपाटात तो ठेवावा. न्हाणीघर, गच्ची आणि गॅसच्या शेगडीजवळचा भाग यांसाठी ओलावा सहन करणारे स्पीकर वेगळे मिळतात. साधे स्पीकर तेथे तेलकट वाफेने लवकर निकामी होतात.

जयणेचा विचार

छताची पोकळी अंधारी, उबदार आणि निवांत असते. तेथे मुंग्या, झुरळे, पाली, कोळी यांची वस्ती होते. जुन्या दुकानांच्या माळ्यावर कबुतरांची घरटीही असतात. आठ इंचांचे भोक पाडणे म्हणजे या वस्तीचे दार उघडणे होय. त्रस जीवांची विराधना टाळण्यासाठी पुढील गोष्टी सहज करता येतात.

पहिली गोष्ट वेळेची. पावसाळ्यात जीवोत्पत्ती अधिक, म्हणून शक्य असेल तर हे काम चातुर्मासाच्या आधी किंवा नंतर करावे. कोरड्या हवेत पीओपी लवकर सुकते, हा व्यावहारिक लाभही त्यात आहे. दुसरी गोष्ट तपासणीची. जुन्या छतात काम असेल तर कापण्यापूर्वी एका कोपऱ्यातून बॅटरीचा उजेड टाकून आत पाहावे, घरटे किंवा अंडी आढळल्यास ती जागा सोडून दुसरी निवडावी आणि मऊ पुंजणीने मार्जन करून मगच करवत लावावी. कारागिराला याचे कारण शांतपणे समजावून सांगितले तर तो ऐकतो, असा अनुभव आहे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट खरेदीची. पाठीमागून उघडा असलेला स्पीकर आणि मागे बंद डबा असलेला स्पीकर, असे दोन प्रकार मिळतात. डबा असलेला घ्यावा. त्यात पाल किंवा कीटक शिरून तारांवर मरत नाहीत, धूळ बसत नाही, छताच्या पोकळीत आवाज घुमत नाही आणि वरच्या मजल्यावर तो कमी जातो. धातूचा डबा आगीच्या प्रसंगीही अधिक सुरक्षित. किंमत थोडी जास्त, पण जीवदया आणि व्यवहार येथे एकाच बाजूला उभे आहेत. तारेच्या प्रवेशाची फट आणि जाळीभोवतीची चीरही भरून घ्यावी.

शांततेचा विचार

घरात सामायिकाचे ४८ मिनिटे कोणी बसले असेल, तर त्या खोलीत आवाज पोचता कामा नये. म्हणून खोलीगणिक आवाज कमी-जास्त करण्याचे बटण भिंतीवर घ्यावे आणि आराधनेच्या खोलीत स्पीकर घेऊच नये. अनेक साधू-साध्वी अग्निकायिक जीवांची विराधना मानून ध्वनिवर्धकाचा वापर टाळतात. संप्रदायानुसार परंपरा भिन्न असल्या, तरी गोचरीसाठी त्यांचे पगले घरी होतात तेव्हा सारी व्यवस्था आधीपासूनच बंद असणे उचित. त्यासाठी यंत्रणेचे मुख्य बटण सर्वांना ठाऊक असावे. ते रिमोटवर किंवा मुलांच्या मोबाइलवर अवलंबून असू नये.

शेजाऱ्यांबाबत कायदाही स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर व्यापारी भागात दिवसा ६५ व रात्री ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. खाजगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक जाता कामा नये.

दुकानात तर कसोटी याहून सोपी आहे. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते. ग्राहकाला भाव दुसऱ्यांदा विचारावा लागला, तर संगीत मोठे आहे असे समजावे. शिवाय ग्राहक अर्धा तास थांबून जातो. कर्मचारी मात्र दहा तास त्या आवाजाखाली उभे असतात. दुपारी तास-दोन तास यंत्रणा पूर्ण बंद ठेवली, तर त्यांनाही विसावा मिळतो.

आणखी एक कायदेशीर बाब व्यापाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. दुकानात ग्राहकांसमोर ध्वनिमुद्रित गाणी वाजवणे हे कॉपीराइट कायदा, १९५७ च्या दृष्टीने सार्वजनिक सादरीकरण ठरते आणि त्यासाठी हक्कधारकांचा परवाना लागतो. गीत व संगीतरचना यांचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. मोबाइलवरील संगीत ॲपची वर्गणी सामान्यतः वैयक्तिक वापरापुरती असते. तिने हा परवाना मिळत नाही. धार्मिक विधीच्या प्रसंगाला कायद्यात सूट आहे, पण दुकानातील रोजच्या गाण्यांना ती लागू होत नाही.

कोटेशन हाती आल्यावर

‘सीलिंग स्पीकर, सहा नग’ एवढी ओळ मान्य करू नये. तिच्या जागी पुढील तपशील लेखी मागावा : कंपनी व मॉडेल, ८ ओम की १०० व्होल्ट, वॅटचे टप्पे, संवेदनशीलता, मागे डबा आहे की नाही, तारेची जाडी व प्रकार, ॲम्प्लिफायरची क्षमता, खोलीगणिक बटणे, सुरक्षा-साखळी, हमीची मुदत. हमी स्पीकरची वेगळी व कामाची वेगळी लिहून घ्यावी. तीन ठिकाणांहून दर मागवताना हाच तपशील तिघांना द्यावा. तरच तुलना खरी होते. बिल जीएसटीसह घ्यावे आणि दुकानाच्या खर्चाची नोंद कोणत्या खात्यात करायची, हे आपल्या सीएंना आधी विचारावे. पैशांपैकी दहावा हिस्सा चाचणीनंतर देण्याचे ठरवावे.

चाचणीही स्वतः करावी. ओळखीचे एखादे भाषण मंद आवाजात लावून सर्व जागेत सावकाश फिरावे. कोठे आवाज खड्ड्यात पडतो, कोठे टोचतो, ते खडूने जमिनीवर टिपावे. दोन स्पीकरच्या मधोमध उभे राहिल्यावर आवाज पोकळ व पातळ वाटला, तर एकाच्या धन-ऋण तारा उलट जोडल्या आहेत असे समजावे. नंतर घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला तिच्या जागी बसवून शब्द कळतात का, ते विचारावे, आणि भाषण थांबवून, पण यंत्रणा चालू ठेवून, छतातून काही गुणगुण येत नाही ना, तेही ऐकावे. या दोन्हींची उत्तरे मनाजोगी आली, की राहिलेला दहावा हिस्सा आनंदाने द्यावा.